डॉक्टर इंगळ्यांचं ‘पछी शुं?’

आमच्या फतेगंजच्या लॅबमध्ये नवी टेस्ट आली की तिचा दाखवण्याचा कार्यक्रम होतो. खरोखर पोहे असतात, वर शेव घातलेले. कंपनीचा माणूस मुलीच्या बापासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो. समोर लॅबचे मालक डॉक्टर इंगळे, साठी ओलांडलेले, स्वतः बिनलग्नाचे, वरपक्षाच्या थाटात चौकशी करतात. घराणं कुठलं? आमच्या पीसीआर मशीनशी पटेल का? आजार नसताना उगाच ओरडते का?

मी इथली मॅनेजर. पोहे मी मागवते, त्यामुळे मध्ये बोलायचा हक्कही मी घेतलेला आहे.

चौकशीचा शेवट ठरलेला. डॉक्टर चमचा खाली ठेवून विचारतात, “पछी शुं?” एरवी अस्सल मराठी बोलणारा हा माणूस ‘मग पुढे काय’ एवढंच गुजरातीत का विचारतो, ते मला कळत नसे. रिपोर्ट आल्यावर उपचारात काही फरक पडणार नसेल, तर टेस्ट नापास.

एकदा सर्दीची टेस्ट आली. नाकात काडी घातली की डझनभर विषाणूंची नावं कळणार. डॉक्टरांनी पछी शुं विचारलं. आराम करायचा आणि गरम पाणी प्यायचं, असं उत्तर आलं. ते माझी आई नाकात काडी न घालता सांगायची, असं म्हणून डॉक्टरांनी हात धुतले. थुंकीवरून मूल क्रिकेटर होणार की इंजिनिअर हे सांगणाऱ्या माणसाला तर त्यांनी पोहेही पुरे खाऊ दिले नाहीत.

समोरच्या लॅबने दोन्ही टेस्ट फुगे लावून सुरू केल्या. आमचं महागडं मशीन टीबी आणि काविळीचे दोन-चार नमुने तपासून दिवसभर गप्प. हे असंच चाललं तर मशीन विकावं लागेल, असं मी बजावून सांगितलं.

गेल्या महिन्यात केतनभाई थॅलेसेमियाची टेस्ट घेऊन आले. रक्तातला हा दोष एकट्यात असला तर माणूस धडधाकट असतो. नवरा-बायको दोघांत असला तर मुलाला जन्मभर बाहेरचं रक्त चढवावं लागू शकतं. ही टेस्ट दोघांचा नेमका दोष शोधते. अशी जोडपी येऊन येऊन किती येणार? मी मनात नापास करूनही टाकली.

“दोघांत निघाला. पछी शुं?” डॉक्टरांनी विचारलं.

केतनभाई म्हणाले की लग्न मोडायची गरज नाही. नेमका दोष माहीत असला की दिवस राहिल्यावर मोठ्या हॉस्पिटलात बाळाची तपासणी लवकर करता येते.

डॉक्टरांनी ताबडतोब होकार दिला. मी चिडले. केतनभाई गेल्यावर विचारलंच की हिला गिऱ्हाईक कोण आणणार.

डॉक्टर गार पोह्यांत चमचा फिरवत राहिले. “कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकांचं रक्त तपासायचो, वैशालीबेन. माझं हंसाने तपासलं, हंसाचं मी. लग्न करायचं ठरलं होतं आमचं. दोघांतही हाच निघाला. बाळाची ही तपासणी तेव्हा इथे नव्हती. हंसाने मला विचारलं, ‘पछी शुं?’”

तुम्ही काय म्हणालात, असं मी हळूच विचारलं.

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “ती थोडा वेळ थांबली होती.”