बेडकीच्या ब्रेकातली हवा

साहेब, गाडी परत न्यायचा निरोप तुम्ही पाठवलाय. कारण काय, तर मल्लेश्वरीनं गाडीवरचं तुमचं नाव पुसलं आणि तुम्हाला हात जोडले नाहीत! नाव पुसलं गेलं, हात जोडले गेले नाहीत, नाही कोण म्हणतंय? पण अर्धं सांगणं म्हणजे खोट्याचं सख्खं भावंड. जुनी गाडी, वर नवा रंग, रंगावर तुमचं नाव आणि आत सडकं ब्रेक ऑइल. असली वस्तू उताराच्या गावात बायकांच्या गटाच्या गळ्यात कुणी बांधली? तुम्ही! तेव्हा उरलेलं अर्धं आता ऐकून घ्या.

बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूर गावाच्या पलीकडचं हे गाव. रानातून डेअरीपर्यंतची वाट लाल मुरमाची आणि अशी उभी, की शेळीसुद्धा बसवण्णाचं नाव घेऊन उतरते. त्या वाटेनं बायका दुधाचे कॅन डोक्यावर आणायच्या. मान आखडायची, दूध सांडायचं, वर घरी बोलणी. मग गटाला ही गाडी आली. चार फुगीर चाकं, छप्पर नाही, मोटारसायकलसारखं हँडल. कागदावर तिचं नाव एटीव्ही. गावानं तिला बेडकी म्हटलं, कारण उभी असली तरी आत्ता उडी मारील अशीच दिसते.

बेडकी चालवायची मल्लेश्वरी. आणि काय चालवायची! पदर खोचून, मागं कॅन बांधून उतरायला लागली की पारावरचे गडी बिडी विझवून बघत राहायचे. पण पंधरवड्यापासून ब्रेक दाबला की भिजल्या कणकेत बोट रुतल्यासारखं व्हायला लागलं. परवा तर तिनं गाडी ब्रेकनं नव्हे, कडब्याच्या गंजीनं थांबवली. गंजी शेजाऱ्याची! त्यात तुमचा सांगावा आला: सोमवारी दुपारी तपासणी, गाडी धड नसेल तर दुसऱ्या गावाला देऊ. म्हणजे कॅन पुन्हा डोक्यावर.

"हात्तिच्या!" मल्लेश्वरीचा नवरा हावगेप्पा म्हणाला. गावातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी त्यानं उघडल्यात; त्यातल्या काही पुन्हा चालूही झाल्यात. "जुनं ऑइल काढायचं, नवं भरायचं, हवा काढायची. चहाला उकळी यायच्या आत काम खल्लास!"

सोमवारी सकाळी बेडकी दारात उभी केली. हावगेप्पा पाना घेऊन चाकापाशी आडवा. मल्लेश्वरी ब्रेकच्या दांडीला. गटातली ज्योत्स्ना नव्या ऑइलचा डबा घेऊन हँडलपाशी. वरच्या डबीतलं ऑइल कमी झालं की ओतायचं काम तिचं.

"नीट ऐका," हावगेप्पा खालून म्हणाला. "मल्ले, तू दांडी दाबून धरायची. मी नट ढिला करणार, हवा आणि घाण बाहेर. मी नट आवळल्याबिगर दांडी सोडायची न्हाई. सोडलीस की बाहेरची हवा परत आत!"

"सोडायला मी काय येडी हाय व्हय?"

दांडी दाबली. नट ढिला झाला. काढ्यासारखं काळं ऑइल बुडबुडे काढत वाटीत पडायला लागलं. एवढ्यात वरच्या आळीतून गुरुबसव अप्पा आले. श्रावणी सोमवार, सगळं गाव खाली मठाकडं निघालेलं, आणि मठाची वाट मल्लेश्वरीच्या दारातूनच जाते.

"शरणु शरणार्थी!" अप्पांनी हात जोडले.

"शरणु शरणार्थी, अप्पा!" मल्लेश्वरीनं हात जोडले. दोन्ही!

सुर्रर्र! हवा आत.

"कामून सोडलीस?" हावगेप्पा चाकाखालून ओरडला.

"अहो, अप्पा आले की!"

"मग?"

"मग काय? एका हातानं शरणार्थी करू? मी काय बस थांबवायलाव व्हय?"

आता आमच्याकडं घरातलं पोर बोलायला शिकायच्या आधी हात जोडायला शिकतं. हात आपोआप उठतात. पुन्हा दांडी दाबली, पुन्हा नट ढिला. भजनाच्या बायका आल्या. शरणु शरणार्थी! सुर्रर्र! मागून सोसायटीचे चेअरमन. शरणु शरणार्थी! सुर्रर्र! बेडकीच्या पोटात इतकी हवा गेली की ती उडते की काय, असं वाटायला लागलं.

कट्ट्यावर सासू निलम्मा जपमाळ घेऊन बसलेली. तिचा सगळा रोख सुनेच्या हातांवर. "हात जोडायला कंटाळा करू नको ग! लोक म्हणतील, गाडी आली आन् वळण गेलं."

ज्योत्स्ना खो खो हसली. "अक्का, तुझं काय खरं न्हाई! मी बघ, डबा धरलाय तर धरलाय. आभाळ पडलं तरी..."

"जयभीम, ज्योत्स्नाताई!" कोपऱ्यावरून गुंडेराव काका आले.

"जयभीम, काका!" ज्योत्स्नाचे दोन्ही हात छातीशी! आणि डबा? डबा बेडकीच्या नाकाडावर आडवा! तिथंच पिवळ्याधमक अक्षरांत तुमचं नाव होतं. ज्योत्स्नानं फडकं घेऊन घाईघाईनं पुसलं. ऑइल पुसलं गेलं. नावही पुसलं गेलं! ब्रेक ऑइल रंग खातं हे तेव्हा कळलं. नाव सगळं फडक्यावर आलं, गाडीवर उरलं फक्त 'यांच्या कृपेने'.

"कुणाच्या कृपेनं म्हणायचं आता?" गुंडेराव काकांनी वाकून वाचलं.

"तुमच्या!" हावगेप्पा खालून म्हणाला.

हसता हसता मल्लेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं. डब्यात तळाशी थोडंच ऑइल उरलेलं. बसवकल्याणला जाऊन दुसरा डबा आणेपर्यंत तपासणी उरकलेली असणार. तिची नजर दारातल्या कॅनवर गेली आणि हात आपोआप मानेवर.

निलम्मानं ते बघितलं. या बाईनं स्वतः वीस वर्षं कॅन वाहिलेत. ती उठली, जपमाळ कमरेला खोचली आणि सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू दांडी धर. तुझे हात मी जोडते."

"अव्वा?"

"धर म्हणते न्हवं! आता देव आला तरी सोडू नको."

आणि काय सांगू! पुढचा माणूस आला, निलम्मानं हात जोडले, "शरणु शरणार्थी!" लगेच पुन्हा जोडले, "हे सुनेचं! शरणु शरणार्थी!" येणारा गोंधळायचा आणि तोही दोनदा हात जोडून जायचा. म्हातारीचे हात टाळ कुटल्यासारखे चालले होते. दांडी दाबली, नट ढिला, नट आवळला, दांडी सोडली. काळं ऑइल संपलं, मधासारखं नवं यायला लागलं. बुडबुडे कमी झाले. हावगेप्पा म्हणाला, "मल्ले, आता शेवटचा! धर घट्ट!"

नट ढिला झाला आणि दारात जीप थांबली. साहेब, तुम्ही उतरलात.

सगळ्यांनी हात जोडले. मल्लेश्वरीनं नाही. तिची बोटं पांढरी पडली होती, हात उठायला धडपडत होते, पण तिनं दांडी सोडली नाही. निलम्मानं तुम्हाला एकदा हात जोडले, पुन्हा जोडले. "एक माझा, एक सुनेचा, साहेब."

"तिला हात नाहीत काय?" तुम्ही विचारलंत.

"हायेत की. कामात हायेत."

शेवटचा बुडबुडा फुटला. नट आवळला. दांडी दगडासारखी घट्ट झाली! हावगेप्पा हातानं शिंतोडे पुसत उठेपर्यंत तुम्ही बेडकीवर चढलात. फोटो पाहिजे होता ना! गाडीचं तोंड मठाच्या उताराकडं. "साहेब, जरा थांबा," मल्लेश्वरी म्हणाली. पण तुम्ही हात न जोडणाऱ्या बाईचं कशाला ऐकाल? "मला शिकवू नको," म्हणालात आणि बटण मारलंत. अंगठा पडला नेमका हँडलवरच्या ॲक्सिलेटरवर!

बेडकीनं उडी मारली. जन्मभर अडवून धरल्यासारखी! कोंबड्या उडाल्या, भजनाच्या बायका भिंतीला चिकटल्या. खाली मठाची विहीर, तिला कठडा नाही. (तोही तुमच्याच खात्याकडं मंजुरीला पडलाय, पण ते असो.)

"दाबा! ब्रेकच्या दोन्ही दांड्या दाबा!" मल्लेश्वरी मागं धावत ओरडली.

दाबल्यात. कर्रर्र! बेडकी थांबली. पुढच्या चाकानं लोटलेला एक खडा तेवढा विहिरीत गेला. डुबुक!

सगळा मठ बाहेर आला. सगळ्यात पुढं गुरुबसव अप्पा. ऐंशीच्या घरातला माणूस. त्यांनी तुमच्याकडं बघितलं, वाकून दोन्ही हात जोडले.

"शरणु शरणार्थी, साहेब!"

साहेब, तुम्ही हात जोडले नाहीत. मल्लेश्वरीनं येऊन गिअर न्यूट्रलला टाकला, चाकांना दगड लावले, तुमचं एकेक बोट तिला दांडीवरून सोडवावं लागलं. अप्पा तोवर हात जोडून उभेच होते.

गाडी दारात आहे. दूध रोज वेळेवर जातं. न्यायची तर या, पण आधी गावासमोर एवढं सांगा: अप्पांना तुम्ही हात का जोडले नाहीत?

उत्तर पाहिजे!