पोटचा दस्ता, दत्तक दस्ता

या, असे जवळ येऊन बसा. परक्या पावण्यासारखे उंबऱ्यात काय टेकताय? आणि आल्या आल्या भिंतीवरच्या बंदुकीची नळी काय न्याहाळताय? नळी सगळेच बघतात. आमचे रंगूतात्या इथं असते तर म्हणाले असते, "नळीला काय बघायचं राव, पाइपच त्यो. लाकूड बघा, लाकूड!"

रंगूतात्या म्हणजे आमच्या शिनोलीचे सुतार. माझ्या मालकांचे लहानपणापासूनचे दोस्त. लग्न केलं नाही, संसार रंध्याशी. तरुणपणी पुण्यात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात चार वर्षं काढली आणि येताना एक खूळ घेऊन आले. जुनी दुनळी बंदूक दिसली की तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं ते लाकूड, मूळचं आहे की मागून कुणी बसवलंय, हे ओळखायचं. मूळच्याला ते म्हणत 'पोटचा'. मागून बसवलेल्याला 'दत्तक'.

खंडेनवमीला आमच्याकडं घरोघर हत्यारं पुजायला मांडतात. आम्ही बायका विळ्या-खुरप्यांना हळदकुंकू वाहतोय, तोवर तात्यांची फेरी सुरू. स्वच्छ टोपी, कपाळाला गंध, खिशात पेचकस. बंदूकवाल्या घरी शिरायचं, आधी पूजेला नमस्कार, मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती मांडीवर उलटी घ्यायची. लोखंड आणि लाकूड जिथं मिळतं तिथं नख फिरवायचं. नख फटीत शिरलं की तात्यांच्या भुवया चढल्याच. मग लाकडाचा वास. हो, वास! नाक लावून असे हुंगायचे, की घरची पोरं आयांच्या पदरात तोंड घालून हसायची.

एका बड्या बागायतदारानं सगळ्या गावासमोर सांगितलं, "ही बंदूक आमच्या आज्याला गोऱ्या सायबानं दिली. जशीच्या तशी हाय."

तात्यांनी चष्मा पुसला. "मूठ बघा मालक. पोपटाच्या चोचीवानी वाकडी. अन् चापाखालच्या कडीची ही शेपटी बघा. असली शेपटी सरळ मुठीवर बसती. हिथं बसंना म्हणून कानशीनं घासून आखूड केलीया. बंदूक सायबाची असंल. दस्ता दत्तक हाय."

बागायतदारानं तात्यांच्या हातातला चहाचा कप परत घेतला. अर्धा प्यायलेला! तात्या बाहेर येऊन म्हणाले, "साखर कमीच व्हती."

खूळ काही बंदुकीवर थांबलं नाही. आमच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला बेल्ह्याला गेलो होतो. सगळे मुलीकडं बघतायत आणि तात्या खुर्चीखाली वाकलेले. वर आले ते म्हणत, "हिचा मागचा डावा पाय दत्तक हाय." मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. मुलगी मात्र फिसकन हसली. "आज्यानं बसवलाय. आजवर कुणी वळखला न्हवता." तिथल्या तिथं तात्यांनी सोयरीक पक्की केली. पुतण्याला विचारलं ते नंतर.

आमच्या घरी ते शेवटी यायचे. हे, म्हणजे माझे मालक, बंदूक पुढं करायचे. तात्या तिच्यावरून नुसता हात फिरवायचे आणि म्हणायचे, "पोटचा. सोळा आणे." ना नख, ना वास. मला वाटायचं, दोस्ताच्या घरी कशाला तपासणी!

पुढं हे गेले. बंदूक ठाण्यात जमा झाली. परवाना माझ्या विलासच्या नावावर व्हायला दोन वर्षं हेलपाटे घातले. तोवर डिंभे धरणाचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या. रात्री पाणी द्यायला जाताना बंदूक जवळ असावी, गरज पडली तर हवेत बार काढता यावा, म्हणून विलासची धडपड. पण बंदूक त्याच्या खांद्याला काही केल्या बसेना. "आई, गाल टेकवला की नजर नळीच्या बाहेरच जाती."

गेलो दोघं तात्यांकडं. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि उलटी केलीच नाही.

"ह्यो दस्ता डाव्या खांद्याचा हाय," म्हणाले. "जरा वाकवून घडवलाय."

"कारखान्यानं असला पाठवला?" विलासनं विचारलं.

तात्या हळूच म्हणाले, "दत्तक हाय. म्या केलेला."

मी चिडलेच. "भावजी, वीस वर्षं माझ्या देवासमोर बसून पोटचा म्हणत आलात! अख्खं गाव तुमच्या शब्दावर चालतं!"

"वैनी, दोस्ताचा उजवा डोळा गेला व्हता. बैलाचं शिंग लागलं. वरनं डोळा साजरा, आत अंधार. पुण्याला दाखवला आमी दोघांनी. म्हणला, हिला सांगू नको, शेतावर गेलो की दिवसभर घोर लावून बसंल. दस्ता बदललाय म्हणलं असतं तर तुमी इचारलं असतं, का बदलला?"

मला हे म्हणाले होते, उजवा खांदा धरलाय, म्हणून डावीकडून बंदूक लावतो. आणि बाजारला जाताना मला कायम डाव्या हाताला चालवायचे. जेवताना डावीकडं बस म्हणायचे. मी समजत होते, त्यांच्या घरची रीत असेल.

तात्यांनी माळ्यावरून धोतरात गुंडाळलेला मूळचा दस्ता काढला. मागची पट्टी खोलून लाकडावरचा नंबर दाखवला. लोखंडावर होता तोच. तासाभरात जुना बसवला. विलासनं खांद्याला लावला आणि ओरडला, "बसला!"

काढलेला दस्ता तात्यांच्या मांडीवरच होता. गाल टेकतो तिथं लाकूड पांढुरकं पडलेलं. त्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "दोनदा पॉलिश केलं. दोन्ही बारीला त्याच्या दाढीनं घासून काढलं." मग माझ्याकडं न बघता, "वैनी, ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे का?"

मी ते धोतर उचलून त्यांच्या हातात दिलं, गुंडाळून ठेवायला.

आता तात्यांना नीट दिसत नाही, फेरीही बंद झाली. पण खंडेनवमीला त्यांच्या पाटावर करवत, रंधा आणि मधोमध तो दस्ता असतो, नळीवाचून, झेंडूचं फूल वाहिलेला. कुणीतरी चेष्टेनं विचारतंच, "तात्या, पोटचा का दत्तक?"

"घरचा हाय," म्हणतात तात्या आणि सुपारी कातरायला लागतात.

दिवसभर एकटे असतात हो. मी डबा धाडते, पण डब्याशी काय बोलणार? तेव्हा पुन्हा लवकर या. येताना घरातलं एखादं जुनं लाटणं, मुसळ, काहीही घेऊन या आणि त्यांच्या हातात द्या. हुंगतील, नख लावतील आणि तुमच्या आजीचं लाटणं दत्तक आहे म्हणून सांगतील. रागावू नका. चहा मात्र पुरा पिऊ द्या त्यांना.