पोकळीत हापसा मंजूर नाही

विश्वात सगळं सगळीकडे सारखं वाटलेलं नाही, हे कळायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. आमच्या जिल्हा हापसा वाटप समितीला ते एका दुपारच्या व्याख्यानात कळलं, यावरून समितीची योग्यता ध्यानात यावी.

सन २००३. वसमतला बाहेरगावच्या एका प्राध्यापकांनी पडद्यावर विश्वाची चित्रं दाखवली. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, जाळ्याच्या धाग्यांवर दाटीवाटीनं बसतात आणि मधे अफाट पोकळ्या उरतात. जिथं आधीच पुष्कळ आहे तिकडंच आणखी ओढलं जातं. पोकळी दिवसेंदिवस रिकामी होत जाते. समितीचे अध्यक्ष व्यंकटराव पहिल्या रांगेत होते. (चहा तिथं आधी येतो.) त्यांचे डोळे भरून आले. आपण नोकरीभर जे करत आलो त्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी समिती जिल्ह्याच्या नकाशासमोर बसली. आमच्याकडं नवा हापसा बसला की त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडतात. तीच हळद बोटावर आणून लिपिक हरिचंद नकाशावर ठिपका देतो. वसमत पिवळंधमक होतं. कुरुंद्याला सतरा ठिपके. सडकेच्या कडेनं पिवळे धागे निघालेले. साखऱ्याच्या पलीकडं मात्र बोटभर जागा कोरी. ठराव झाला : 'सदर ठिकाणी ठिपका आढळून येत नाही, सबब वस्ती नाही. वस्ती नसल्याने हापसा अनुज्ञेय नाही.'

त्या कोऱ्या जागेतून आठवड्यानं रुख्मिणीबाई आल्या. अकरा घरं, दीडशे मेंढरं, पाणी दीड कोसावर. सातव्या महिन्यातली सून घागरीसकट ओढ्यात पडली होती, म्हणून अर्ज आणला होता.

"बाई, तिथं पोकळी आहे," व्यंकटराव आदरानं म्हणाले.

"तिथं कुणीच न्हाई म्हणता, मग मी कुठून येऊन राहिले, साहेब?"

हरिचंदनं व्याख्यानाची टिपणं चाळली. पोकळीतही तुरळक, मंद दीर्घिका सापडतात, असं त्यात होतं. रुख्मिणीबाईंची नोंद 'तुरळक, मंद' या सदरात झाली.

"व्हय, पण हापसा?"

"हापसा ठिपक्याला मिळतो."

"अन् ठिपका काहून न्हाई?"

"हापसा नाही म्हणून."

रुख्मिणीबाईंनी कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि कोऱ्या जागेत ठिपका दिला. "घ्या. झाला बराबर?"

समिती हादरली. पण शास्त्र मदतीला आलं. दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल होतो, हे टिपणात स्पष्ट होतं. ठिपका लाल होता. शेरा पडला : 'वस्ती दूर जात आहे. प्रतीक्षा करावी.'

प्रतीक्षा केली. सुनेला घेऊन मुलगा पुण्याकडं गेला, मागोमाग आठ घरं गेली. अनुमान तंतोतंत खरं ठरलं. कुरुंद्याला अठरावा हापसा बसला. रुख्मिणीबाई अजून दीड कोसावरूनच पाणी आणतात. मी त्या समितीचा सदस्य होतो आणि मला फार वाईट वाटलं. (तशी इतिवृत्तात नोंद आहे.)

वसमत, कुरुंदा, साखरा ही नावं तुमच्या लक्षात राहिली असतील. त्या अकरा घरांच्या वस्तीचं नाव मी एकदाही सांगितलं नाही, आणि तुमचंही त्यावाचून काही अडलं नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.