शंभर टक्के जुळणारे नरसिंहराव

माणसाच्या बोलण्यात आणि करण्यात अंतर असतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ते मोजताही येतं, हे राजाजीनगरच्या नरसिंहरावांना बायको गेल्यावर कळलं.

अनुसूया सकाळी गेली. दुपारपर्यंत शेजारी, इस्त्रीवाला, वरचे भाडेकरू (त्यांच्याशी भांडण होतं, तरी आले) अशा सर्वांना कळलं. राहिली फक्त तिची थोरली बहीण, देवनहळ्ळीच्या महानंदाक्का. त्यांचं हृदय अशक्त. फोनवर नको, कुणीतरी समोर बसून सांगावं, यावर एकमत झालं. मग सगळे कॉफी प्याले.

अक्कांचा मुलगा गिरीराज म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. माझ्यावर अम्माचा विश्वास नाही. मी आजवर तिला खरं कुठं सांगितलंय?"

नरसिंहराव रोज "उद्या जातो" म्हणत. शेवटी मुलगी सुप्रीताने हे काम हाती घेतलं. एचएसआर लेआउटमधली तिची कंपनी लोकांचं बोलणं आणि करणं किती जुळतं ते मोजते. (कंपनीचं स्वतःचं कुणी मोजत नाही.)

"अण्णा, सकाळी काय करणार ते मोठ्यानं बोला. रात्री केलं का ते सांगा."

"आज देवनहळ्ळीला जातो," नरसिंहराव म्हणाले आणि खरंच गेले. अक्कांनी विचारलं, "अनुसूया कुठंय?" ते म्हणाले, "गुडघा दुखतोय." उप्पिट्टु खाऊन परतले.

"जातो म्हणालात, गेलात. शंभर टक्के!"

"अगं, पण सांगितलं नाही."

"सांगतो म्हणाला होतात का?"

"नाही."

"मग?"

शास्त्र त्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी खणखणीत आवाजात म्हणू लागले, "आज अक्कांना सांगणार नाही." आणि खरोखर सांगत नसत. इतका शब्दाचा पक्का माणूस कंपनीने पाहिला नव्हता. नव्या नोकरदारांना आता त्यांचा व्हिडिओ दाखवतात.

काल अक्कांचा फोन आला. "नरसिंहराव, स्वल्प, जरा तिला फोन द्या."

"झोपलीय."

"सदा झोपलेलीच? माझं काही चुकलं असेल तर माफ कर म्हणावं तिला. अबोला धरू नको म्हणावं."

"सांगतो," नरसिंहराव म्हणाले. (हे सकाळी बोललेलं नसल्यामुळे मोजणीत धरलं गेलं नाही.)

एव्हाना वाचकाला त्यांचा राग आला असेल. 'मी असतो तर तडक जाऊन सांगितलं असतं,' असं तो मनात म्हणालाही असेल. मनातलं बोलणंही मोजतात. देवनहळ्ळीची बस मॅजेस्टिक बसस्थानकाहून सुटते.

महानंदाक्कांना अजून कुणी सांगितलेलं नाही.