होतूकाकांनी न केलेला खून

आमच्या शेजारचे होतूकाका माणसं मारायचे, आणि मेलेली माणसं रविवारी त्यांना भेटायला यायची.

काका रहस्यकथा लिहीत. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायला आलो तेव्हा त्यांची दोन पुस्तकं छापून झाली होती. राहायला एकटे, आमच्या भिंतीला भिंत. लहानपण मात्र उल्हासनगरच्या कॅम्पात गेलेलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे लष्कराच्या बराकींत राहिली. एका बराकीत दहा-बारा कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. काका मराठी शाळेत शिकले म्हणून मराठीत लिहायचे. पण खून व्हायचा तो त्याच बराकीत, तोही ओळखीच्या माणसाचा, खऱ्या नावाने. "नाव बदललं की माणूस नीट मरत नाही, वहिनी," मला म्हणायचे.

मिठाईवाला गोपू तिसऱ्या पुस्तकात मेला. तो खूश होऊन पेढे घेऊन आला. त्याच्यामागून हेमू टेलर आला, तो तणतणतच.

"होतू, या गोपूचा खून, आणि मी नुसता साक्षीदार? बाजारात माझी काय इज्जत राहिली?"

"नाराज नको होऊ, साईं. पुढच्या पुस्तकात तुला विष देतो."

"पक्का?"

"पहिल्याच पानावर!"

हेमूने मग दोन पेढे खाल्ले.

नवीन प्रकरण झालं की काका आमच्या दारात खुर्ची टाकून मला वाचून दाखवायचे. मी आत तांदूळ निवडत ऐकायची. मी चौथी शिकलेली, मला काय कळतंय, असं म्हटलं की म्हणायचे, "पोलिसाला फसवणं सोपं, शेजारणीला कठीण." मी खुनी ओळखला की उभ्या उभ्या पानं फाडायचे, आणि ओळखला नाही की चहा मागायचे.

त्यांच्या प्रत्येक पुस्तकात एक ईश्वरी मासी असायची. बराकीच्या दारात बसून पापड लाटायची. इन्स्पेक्टर आला की आधी त्याच्यापुढे पापड आणि पाणी ठेवायची. सिंध्यांच्या घरी आल्यागेल्याला ते द्यायचंच असतं. मग पडद्याआडून ऐकलेलं काहीतरी सहज बोलून जायची, आणि खुनी सापडायचा.

सातवं पुस्तक निघालं आणि प्रकाशकांचं पत्र आलं. वाचकांना मासीची सवय झाली आहे, आता तिचाच खून करा, नाहीतर आठवं पुस्तक छापणार नाही. काका हसले. "दोन दिवसांचं काम! विष आहे, दोरी आहे, इस्त्रीचा शॉक आहे."

पंधरा दिवस काका वाचायला आले नाहीत. मग एका दुपारी कोरे कागद घेऊन आले. दाढी वाढलेली.

"वहिनी, तुम्हीच मारा तिला."

"गोपूला मारताना तर तुम्ही हसत होतात."

"गोपू जिवंत आहे. त्याला कितीही वेळा मारतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "मासी कधी गेल्या?"

"मी नऊ वर्षांचा होतो. पडद्यापलीकडे एकटीच राहायची. शाळेतून आलो की आधी तिचा पापड, मग घर. एक दिवस आलो तर पडदा गुंडाळलेला. संध्याकाळपर्यंत तिच्या जागेत दुसरं कुटुंब आलं. तिने मळून ठेवलेलं पीठ होतं, त्याचे पापडसुद्धा त्यांनीच लाटले."

मी म्हटलं, "मारू नका. गावाला गेली म्हणून लिहा." आमच्यात कोणी दिसेनासं झालं की तसंच सांगतात.

"कुठल्या गावाला, वहिनी? आमचं गाव तर पाकिस्तानात राहिलं."

मी खाली बघून तांदूळ निवडत राहिले. मग म्हटलं, "आमच्या गावाला पाठवा. मुरबाडकडे आहे. माझी आई असते तिथे."

काका घरी जाऊन एक पोस्टकार्ड घेऊन आले आणि माझ्यासमोरच प्रकाशकांना लिहिलं, मोठ्या अक्षरात: मासी मरणार नाही. दुसरा लेखक बघा. खाली ठसठशीत सही केली. मग कोरा कागद मांडीवर घेतला.

"तुमच्या आईच्या घराला ओटा आहे?"

"आहे."

"ऊन येतं? पापड वाळायला पाहिजेत."

"दुपारपर्यंत येतं."

"आणि तुमची आई बोलते ना? का तुमच्यासारखीच गप्प?"

"खूप बोलते," मी म्हटलं.

"मग ठीक," म्हणाले, आणि लिहायला लागले.