उठा म्हणायचं नाही

दहा बाय अकराच्या खोलीत राजवाडासुद्धा मावतो, फक्त टेप नीट धरता आली पाहिजे, असं आमच्या सूनबाईचं ठाम मत होतं. हे मत तिनं नवऱ्याला जेवताना ऐकवलं, लेकीला न्हाऊ घालताना ऐकवलं, आणि ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा भिंतीला ऐकवलं.

या मतामागे चौदा व्हिडिओंचा अभ्यास होता. लेक मांडीवर झोपली की आईचे दोन्ही हात अडकतात, पण एक अंगठा मोकळा राहतो. त्या एका अंगठ्यावर तिनं छोट्या खोल्या सजवण्याचं सगळं शिक्षण पुरं केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हौस दांडगी. हौस होतीच, पण घाई त्याहून मोठी होती. सोमवारी तिची रजा संपत होती. पाळणाघरात जागा नव्हती. दीड वर्षाच्या गोटीला (पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते गाल पाहिल्यावर दुसरं नाव तोंडात येतच नाही) सांभाळायला सगळ्या जगात एकच माणूस मोकळं होतं: सासूबाई. आणि सासूबाई मागच्या खेपेला एका मुक्कामात परत गेल्या होत्या.

"तुमच्या घरात मी एका दिवसात तेवीस वेळा उठले," दारात चपला चढवताना त्या म्हणाल्या होत्या. "खुर्चीवर टेकले, तर आई उठा, इस्त्रीचे कपडे ठेवायचेत. स्टुलावर टेकले, तर आई उठा, बल्ब बदलायचाय. माझे गुडघे म्हणजे काय लिफ्ट आहे?"

तेवीस म्हणजे तेवीसच. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. बत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईच्या मोजणीवर शंका कोण घेणार?

तर सूनबाईनं यावर तोडगा काढला. भिंतीला लागून पाच फूट लांब पेटी करायची. वरून बैठक, आतून कपाट. सासूबाईंना हक्काची जागा मिळेल आणि खोलीतला सगळा पसारा त्या जागेच्या पोटात जाईल. सुताराकडून प्लायवूड कापून आणलं, बाकीचं काम घरातच उरकलं. एक बिजागरी उलटी बसली, ती सुलटी करताना नवऱ्याचा अंगठा सुजला, पण एवढ्या मोठ्या कामात एखादा अंगठा जायचाच.

उंचीचा प्रश्न नाजूक होता. सूनबाईनं नणंदेला फोन लावला. सासूबाई एरवी तिच्याकडेच असत.

"ताई, आई ज्या खुर्चीवरून न कण्हता उठतात, तिची उंची मोजून सांगा ना. पण त्यांना कळू देऊ नका."

अर्ध्या तासानं ताईचा कुजबुजता फोन आला. "अठरा इंच. आणि आईनं मला पाहिलं गं मोजताना. मी म्हटलं, धूळ झटकतेय."

"टेपनं?"

"तेच तिनं विचारलं."

गादीसकट पेटी अठरा इंच उंच झाली. वर निळ्या गाद्या बसल्या. मग पोटात काय काय गेलं म्हणता? पाहुण्यांचे कप, इस्त्रीचे कपडे, चार्जर, वायरी, फायली, औषधांचा डबा, छत्र्या, आणि गोटीची सगळी खेळणी. दोन्ही खुर्च्या आणि स्टूल खालच्या टेलरकाकांना देऊन टाकलं. खोली एवढी मोकळी झाली की गोटीनं तीन फेऱ्या धावून मारल्या, आणि आपटायला काहीच सापडेना म्हणून चौथ्या फेरीला गोंधळून खाली बसली.

"एक नीट ऐक," सूनबाईनं नवऱ्याला बजावलं. "आई असेपर्यंत 'उठा' हा शब्द काढायचा नाही."

"घरात?"

"घरात, फोनवर, झोपेत. कुठंच नाही."

शनिवारी सकाळी सासूबाई आल्या. "दोन दिवस बघते, मग काय ते ठरवते," असं दारातच सांगून हातपाय धुवायला गेल्या. सूनबाईच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. खोलीत एक पिशवी दिसली, म्हणजे पसारा. उचलली आणि पेटीत टाकली. कोपऱ्यात गोटीचा एककान्या ससा दिसला, तोही टाकला. झाकण बंद.

सासूबाई येऊन बसल्या. गादी दाबून पाहिली, पाय टेकतात का ते पाहिलं.

"बरी आहे," म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेचं 'बरी आहे' म्हणजे तुमचंआमचं पैकीच्या पैकी. सूनबाई तरंगतच चहा टाकायला गेली. चहा उकळला, गाळला, आणि मग तिच्या लक्षात आलं. पाहुण्यांचे कप पेटीत होते. पेटीवर सासूबाई होत्या.

चहा गोटीच्या प्लॅस्टिकच्या प्याल्यातून आला. प्याल्यावर बदक होतं.

सासूबाईंनी बदकाकडे पाहिलं, बदकानं त्यांच्याकडे. "कप फुटले का गं?"

"नाही आई, गोटीची इच्छा होती. आजीनं माझ्या प्याल्यातून प्यावं, अशी."

"हिला एवढं बोलता येतं?"

"नाही, पण चेहऱ्यावरून कळतं."

तेवढ्यात नवरा आतल्या खोलीतून खुणा करू लागला. त्याची ऑफिसची मीटिंग दहा मिनिटांवर आली होती, लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता आणि चार्जर सापडत नव्हता. सूनबाईनं डोळ्यांनीच पेटी दाखवली. त्यानं पेटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि घसा साफ केला.

"आई, गॅलरीत काय सुंदर वारा आहे."

"इथं पंख्याचा आहे की."

"पण तो मोकळा वारा."

"मोकळ्या वाऱ्यानंच गुडघे धरतात माझे."

आता सूनबाई पुढं सरसावली. "आई, आतल्या खोलीत नवे पडदे लावलेत. बघायला येता?"

"जेवल्यावर बघते. आत्ता कुठं गुडघे निवतायत."

आणि पेटीतून फोन वाजू लागला. सासूबाईंचाच, त्यांच्याच पिशवीतला. दबका, लांबून आल्यासारखा आवाज.

"शेजारी फोन वाजतोय, कुणी उचलत कसं नाही?"

"ते नाहीच उचलत," नवरा म्हणाला. "स्वभाव आहे त्यांचा."

"धून माझ्यासारखीच आहे."

"हल्ली सगळ्यांकडे तीच असते."

फोन थांबला. नवऱ्यानं घाम पुसला. लॅपटॉपनं मान टाकली. आणि एवढ्यात गोटीला झोप आली.

आता गोटीची झोप म्हणजे ससा. तो एका कानाचा, मळकट, कडेला चावून चोथा झालेला ससा गालाखाली आला की तिचे डोळे मिटतात. नाही आला तर सगळ्या इमारतीचे उघडे राहतात. ससा पेटीत गेलेला तिनं सकाळी पाहिला होता. घरात ठरलेला नियम तिला कुणी सांगितला नव्हता. ती दुडदुडत आजीपाशी गेली, आजीच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "आजी, उठ."

सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं लॅपटॉपकडे.

"हिला हा शब्द कुणी शिकवला?"

गोटीनं पुन्हा जोर लावला. "उठ, आजी. उठ."

सासूबाईंनी बदकाचा प्याला शांतपणे खाली ठेवला. "वारा खा. पडदे बघा. आता ही पण म्हणतेय उठ. तुम्ही दोघं तोंडानं म्हणत नाही, एवढाच काय तो फरक." त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "कळतं मला. पोराबाळांच्या घरात आपली जागा केवढी, ते न सांगताही कळतं. माझी पिशवी द्या. दुपारची गाडी मिळेल."

सूनबाईला सोमवार डोळ्यांसमोर दिसला, पाठोपाठ गोटीचे गाल दिसले. पण त्याहीपेक्षा, खांदे पडलेल्या सासूबाई दिसल्या.

"पिशवी कुठं ठेवलीत?"

नवरा छताकडे पाहू लागला. आणि नेमका फोन पुन्हा वाजला.

सासूबाईंनी कान टवकारले. मान हळूहळू खाली वळवली. "सूनबाई, माझ्याखाली काय वाजतंय?"

मग मात्र सूनबाईचा बांध फुटला. कप, चार्जर, ससा, पिशवी, फोन, सगळं तिनं एका दमात सांगितलं. "आणि तुम्हाला पुन्हा उठा म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. चुकूनसुद्धा नाही."

सासूबाई उठल्या. सरळ, न कण्हता. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं. त्या क्षणभर बैठकीकडे बघत राहिल्या.

झाकण भलतंच जड निघालं. नवऱ्यानं ते उचलून डोक्यावर तोललं, सूनबाई कमरेपर्यंत आत वाकली आणि एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. छत्री. चार कप. परत छत्री. शेवटी तळातून पिशवी. गोटी त्यांच्या पायांमधून आत शिरली, सशाला कवटाळून इस्त्रीच्या कपड्यांवर आडवी झाली.

सासूबाईंनी लेकीला फोन लावला. "हो, पोचले. अगं, ऐक. परवा तू माझी खुर्ची टेपनं का मोजत होतीस? मला वाटलं, विकायला काढलीस." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. सासूबाई नुसतं हं हं करत राहिल्या. मग त्यांनी फोन ठेवला, खिळ्याला अडकवलेली टेप घेतली, वाकून पेटीची उंची मोजली आणि वर झाकणाची, गादीची जाडी मिळवली.

"माझी मान," नवरा झाकणाखालून म्हणाला.

"थांब जरा," दोघी एकदम म्हणाल्या.

"पावणेअठरा," सासूबाईंनी निकाल दिला. "पाव इंच कमी आहे."

"गादी दबली असेल, आई."

"दबेल नाही तर काय. सकाळपासून बसवून ठेवलंत." त्यांनी टेप गुंडाळली, चष्मा पुसला, आणि पेटीत झोपलेल्या गोटीच्या अंगावर नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट पांघरला. "सोमवारी किती वाजता निघतेस?"

रविवारी पेटी नव्याने लागली. रोज लागणारी एकही वस्तू आत ठेवायची नाही, असा मुख्याध्यापिकांचा हुकूम निघाला. टेलरकाकांकडून दोन्ही खुर्च्या परत आल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर कपडे साठले. राजवाडा पुन्हा दहा बाय अकराचा झाला.

सोमवारी सकाळी सूनबाई तयार होऊन बाहेर आली. सासूबाई बैठकीवर होत्या, मांडीवर गोटी गाढ झोपलेली, गालाखाली ससा. घरात अशी शांतता गेल्या दीड वर्षात कुणी ऐकली नव्हती. सूनबाईला तेव्हाच आठवलं की तिचं ऑफिसचं ओळखपत्र तिच्या जुन्या पर्समध्ये आहे, आणि रोज लागत नाही म्हणून ती पर्स पेटीत आहे.

"काय हवंय?" सासूबाईंनी ओठांनीच विचारलं.

"काही नाही," सूनबाई ओठांनीच म्हणाली, आणि चपला हातात घेऊन बाहेर पडली.

ऑफिसच्या दारात वॉचमननं अडवलं. "मॅडम, कार्ड?"

"घरी राहिलं. सासूबाई त्यावर बसल्यात."

वॉचमननं तिच्याकडे नीट पाहिलं, मग वही पुढं सरकवली. नाव, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कार्ड नसल्याचं कारण. सूनबाईनं थोडा विचार केला आणि अगदी खरं तेच लिहिलं: 'उठा म्हणता आलं नाही.'