अकरा केक आणि एक ‘ऐकलं’

“ताई, अकरा केक झालेत,” फोनवर बेकरीवाल्या काकू म्हणाल्या.

“अरे वा! धंदा जोरात दिसतोय.”

“धंदा कसला डोंबलाचा! गिऱ्हाईक एक, पोरगी एक, वाढदिवस एक, आणि केक अकरा! अकराच्या अकरांवर ‘चिंगी पाच वर्षांची झाली’ असं लिहिलंय.”

“अहो, पण लिहिताना कुणाला काही वाटलं नाही?”

“वाटलं ना! आमचा भट्टीवाला म्हणाला, काय पण लाड करतात हल्लीचे बाप!”

ताईच्या हातातला चहा तिथंच निवला. चूक भट्टीवाल्याची नव्हती, हे तिला लगेच कळलं. चूक तिच्या लाडक्या ‘द्वारपाल’ची होती.

द्वारपाल म्हणजे तिनं सहा वर्षांपूर्वी लिहिलेली सॉफ्टवेअर लायब्ररी. लायब्ररी म्हटलं की पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे येतात, पण ही तशी नव्हे. एकदा नीट लिहून ठेवलेला कोड, जो कुणीही आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरावा, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. इंटरनेटवरून दाराशी आलेले निरोप आत घ्यायचे, हे द्वारपालचं काम. ताईच्या ऑफिसनं तो काकूंच्या बेकरीतही बसवून दिला होता. कुणी वेबसाइटवर केक मागवला की वेबसाइट बेकरीच्या कॉम्प्युटरला निरोप धाडते आणि ‘मिळालं’ एवढ्या उत्तराची वाट बघते. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर निरोप वाटेत हरवला असं समजून तोच पुन्हा धाडते.

आता द्वारपालचा स्वभाव त्याच्या मालकिणीवर गेलेला, भलताच प्रामाणिक. सगळं काम हातावेगळं झाल्याशिवाय ‘मिळालं’ म्हणायचं नाही, असा त्याचा बाणा. आधी तारीख तपासणार, मग चिठ्ठी छापून घेणार, मग केक पोचवणाऱ्याला कळवणार आणि मगच तोंड उघडणार. त्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला. चिठ्ठी निघेना म्हणून द्वारपाल बोलेना, आणि द्वारपाल बोलेना म्हणून वेबसाइट थांबेना. काकूंनी कागद उपसून काढला, तशा एकामागून एक अकरा चिठ्ठ्या बाहेर पडल्या.

ऑफिसात साहेबांनी तिला समोर बसवलं. “ताई, निरोपांचे प्रकार किती?”

“बेचाळीस. नवी मागणी, रद्द मागणी, बदललेला पत्ता...”

“आणि तुमच्या द्वारपालला दारं किती?”

“बेचाळीस,” ताई हळूच म्हणाली. “प्रत्येक दाराशी वेगळी तपासणी.”

“म्हणजे एका घराला बेचाळीस दारं! शुक्रवार संध्याकाळपर्यंत बघा. नाही जमलं तर द्वारपालला निरोप देऊ आणि बाहेरून तयार काहीतरी आणू.”

सहा वर्षांचं पोटचं पोर घराबाहेर काढायला सांगावं, तसं ताईला झालं. तिनं घाईघाईनं त्रेचाळिसावं दार बांधलं. केकवरचा मजकूर आधी आलेल्या मागणीसारखाच असेल, तर दुसरी मागणी फेकून द्यायची. झकास! ती त्या दिवशी वेळेवर घरी गेली.

दोन दिवसांनी पुन्हा काकू. “ताई, गावात आजोबा किती असतील?”

“का हो?”

“काल दोन आजोबांचे वाढदिवस होते. दोघांच्याही केकवर ‘आजोबा, शंभर वर्षं जगा’. एकाला केक मिळाला. दुसरे हातात सुरी घेऊन तासभर बसले. आता शंभर वर्षं जगायची इच्छा उरली नाही म्हणतात.”

त्या दुपारी ताई लॅपटॉप घेऊन घरीच बसली. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. चौतीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला होता. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध फक्त त्यावरची धूळ पुसण्यापुरता.

“काय गं, चेहरा का असा? गृहपाठ राहिलाय?”

ताईनं सगळं सांगितलं. सासूबाईंचे हात चालूच होते. अकरा केकांना त्या हसल्या, दुसऱ्या आजोबांना हळहळल्या.

“माझ्या वर्गात चाळीस पोरं,” त्या म्हणाल्या. “मधली सुट्टी संपली की सगळी टेबलाभोवती. बाई, यानं ढकललं. बाई, हिनं डबा सांडला. पहिल्या वर्षी मी शहाणी, एकेकाची तक्रार तिथल्या तिथं निस्तरायला बसायची. काय व्हायचं सांग.”

“बाकीचे थांबायचे.”

“थांबतात कसले! ज्याला मी ‘ऐकलं’ म्हटलं नाही, तो पुन्हा सांगणार. आणखी मोठ्यानं. पदर ओढून.”

ताई लॅपटॉप बाजूला सारून पुढे सरकली. “मग?”

“मग दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. दारात एकच रांग. पोर आपल्याच वर्गातलं आहे ना, एवढं बघायचं, पाटीवर लिहायचं, ‘ऐकलं, बस जागेवर’ म्हणायचं. निवाडा मागाहून, सावकाश. तोवर वर्ग चिडीचूप.”

“आणि एकच तक्रार पुन्हा आली तर?”

“प्रत्येक तक्रारीला मी नंबर द्यायची, तो पोरानं लक्षात ठेवायचा. नंबर पाटीवर असला की पुन्हा फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं, लिहायचं नाही. तोंडावरून ओळखायला गेलीस तर फसशील. माझ्या वर्गात जुळे होते.”

“आजोबांसारखे!” ताई ओरडली. वेबसाइट प्रत्येक निरोपावर वेगळा नंबर घालत होती आणि पुन्हा धाडताना तोच ठेवत होती. सहा वर्षं तो नंबर तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपण कॉलेजात चार वर्षं जे शिकलो, ते या बाईनं पहिलीच्या पोरांकडून एका वर्षात शिकून घेतलं, असं मनात येऊन तिला हसू आलं. हसता हसता तिनं सासूबाईंचे मटारानं हिरवे झालेले हात धरले.

“सोड गं, ओले आहेत. आणि ती त्रेचाळीस दारं बुजव आधी.”

ताईनं बुजवली. त्यांच्या जागी एकच नवं दार ठेवलं. निरोप खरंच वेबसाइटकडून आलाय ना, ते बघायचं, नंबर तपासून नोंदवायचा आणि ‘मिळालं’ म्हणायचं. पुढचं काम आत, सावकाश. दोन हजार ओळींचा द्वारपाल दीडशे ओळींत मावला. शुक्रवारी दुपारी काकूंनी स्वतःच्या हातानं प्रिंटरमध्ये कागद अडकवला आणि साहेबांच्या देखत एक केक मागवला. अर्ध्या तासानं कागद ओढला. चिठ्ठी आली एक. सगळ्यांनी आणखी पाच मिनिटं श्वास रोखून प्रिंटरकडे पाहिलं. तो गप्प.

“राहू द्या तुमचा द्वारपाल,” साहेब म्हणाले. “बारीक झालाय, पण चांगला दिसतोय.”

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. केक पोचवणारा खोका घेऊन उभा. काकूंची भेट! आत पांढऱ्याशुभ्र केकवर एकच शब्द लिहिलेला: ‘मिळालं’. ताईनं तो जपून टेबलावर ठेवला.

दोन मिनिटांनी पुन्हा बेल. तोच माणूस, तसाच खोका. ताईला हसू फुटलं. “मिळालं, मिळालं!” म्हणून तिनं दार लावून घेतलं आणि ऐटीत आत आली. “आई, तोच केक दुसऱ्यांदा आला होता. तुमच्या पद्धतीनं ‘मिळालं’ म्हटलं आणि वाटेला लावला.”

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “खोक्यावरचा नंबर बघितलास?”

ताई दाराकडे वळली. तेवढ्यात फोन वाजला. “ताई, आमचा माणूस खालून फोन करतोय, तुमच्या सासूबाईंचा केक परत का पाठवलात हो? त्यावर मी मुद्दाम ‘ऐकलं’ लिहून घेतलं होतं!”

ताई तशीच अनवाणी गॅलरीत धावली. खाली तो स्कूटर सुरू करत होता.

“अहो, थांबा! तो दुसरा केक आमचाच आहे! आणून द्या!”

त्यानं मान वर केली, हात हलवला, “ऐकलं!” म्हणाला आणि भुर्रकन निघून गेला.

“आई, तो गेला की हो!” ताई रडकुंडीला आली. “पुन्हा हाक मारू?”

“अजिबात नाही,” सासूबाई सुरी पुसत म्हणाल्या. “‘ऐकलं’ म्हणाला ना? मग येईल. बस जागेवर.”